पाय धुतले, हिशेबही मागितला

बाई, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. वय ३६. मंडळी ११० कुटुंबांची. बदलून इथे आलो त्याला तीन वर्षं झाली. साहेबगिरी करायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. रविवारी उपासनेआधी मीच प्रार्थनामंदिर झाडतो, खुर्च्या मांडतो. नाताळाला हार घेत नाही, जेवणाला शेवटच्या पंगतीत बसतो.

आमचे खजिनदार वडीलधारे, २२ वर्षं त्याच पदावर. हॉलच्या बांधकामासाठी जमलेल्या पैशांचा हिशेब दोन वर्षं कमिटीपुढे आलेला नाही. वार्षिक सभेत मी तो विचारला, तर ते उभे राहून म्हणाले, "पाळकाने नम्र असावं. येशूने पाय धुतले, हिशेब मागितला नाही." सभा गप्प. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. बाहेर पडताना लोक म्हणत होते, असा नम्र पाळक आम्हाला कधी मिळाला नव्हता.

पुढच्या आठवड्यात एक विधवा बाई घरी आली. हॉलसाठी तिने दोन शेळ्या विकून ५,००० रुपये दिले होते. "साहेब, आपल्या हॉलचं काय झालं?" मी म्हटलं, प्रार्थना करू या. ती काही न बोलता गेली. चार दिवस झाले, बायको माझ्याशी धड बोलत नाही. खरं सांगतो बाई, लोकांनी नम्र म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता झोप लागत नाही. ताठ उभा राहिलो तर नम्रता जाते, वाकून राहिलो तर मंडळी हातची जाते. काय करू?

— एक पाळक

पाळकसाहेब, सलाम.

वयाने मी तुमच्या आईसारखी, पण झग्याचा मान म्हणून अहोजाहो करते. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं एका पाळकाचा संसार केला. पुष्कळ उपदेश मी शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलेत, तयारी चालू असताना. तिथून ते जरा वेगळे ऐकू येतात.

आधी तुमच्या खजिनदारांचं वाक्य घेऊ, कारण सभा त्या वाक्याने गप्प झाली. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तिथल्या तिथे कुणाला उत्तर सुचलं नाही. येशूने पाय धुतले. योहानाच्या तेराव्या अध्यायात सगळं बारीकसारीक आलंय. भोजनावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं. आपल्या मराठी शास्त्रात गंगाळ हाच शब्द आहे आणि मला तो फार आवडतो; आजीच्या न्हाणीतलं तांब्याचं गंगाळ लगेच डोळ्यांपुढे येतं. पण आपण वाचन बहुतेक तिथेच आवरतं घेतो. पुढे त्याने वस्त्रं परत चढवली, परत आपल्या जागी बसला आणि म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता, कारण मी तो आहे. "छे छे, मी कसला गुरू" असं काही तो म्हणाला नाही. जागा सोडली ती पाय धुण्यापुरती. काम झाल्यावर ती परत घेतली, कारण त्या जागेवरून एक अवघड गोष्ट बोलायची होती. तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार, हे तो त्याच बैठकीत बोलला, पायांवरचं पाणी पुरतं वाळलंही नसेल. आणि ज्याच्याबद्दल बोलला, त्याचेही पाय धुऊन झालेले होते. पैशांची थैली त्या माणसाकडे, यहूदाकडे, असायची हे योहान एकदा नाही, दोनदा सांगतो.

तुमचे खजिनदार तसले आहेत असं मी सुचवत नाही आणि तुम्हीही मनात आणू नका. हिशेब न देण्याची कारणं चोरीपेक्षा साधी असतात, त्यावर पुढे बोलते. मला दाखवायचंय ते एवढंच की पाय धुणं आणि तोंडावर खरं बोलणं ही दोन्ही कामं एकाच रात्री, एकाच माणसाच्या बाबतीत झाली. तुम्हाला ती एकमेकांच्या आड येणारी वाटतात.

"हिशेब मागितला नाही" हे तर सरळच चूक. लूकच्या सोळाव्या अध्यायातला धनी कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. मत्तयाच्या पंचविसाव्यात धनी प्रवासाहून परत येतो आणि चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो. दोन्ही दाखले येशूच्याच तोंडचे. पौलाचं मला याहूनही पटतं, कारण तिथे दाखला नाही, खरोखरचा पैसा आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी वर्गणी काढली. पौलाने ती एकट्याने न्यायचं ठरवलं असतं तर कुणी अडवलं असतं? प्रेषित माणूस तो. पण करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की तीताबरोबर आम्ही आणखी एक बंधू पाठवत आहोत, मंडळ्यांनी निवडून दिलेला. कशासाठी, तर एवढ्या मोठ्या देणगीच्या कामात आमच्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून. प्रभूच्या दृष्टीने जे बरं तेच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे बरं ते करायची आमची काळजी आहे, असं तो म्हणतो. "माझा हिशेब देवाला ठाऊक आहे" हे पालुपद आपल्याकडे कमिट्यांत किती वेळा ऐकू येतं! पौलाला ते पुरेसं वाटलं नव्हतं. सोबतीला साक्षीदार घेतला तो त्याने. माझ्या लेखी ही पाय धुण्याइतकीच नम्रता आहे, फक्त हिचा फोटो निघत नाही.

वसईला माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे. पवित्र गुरुवारी त्यांच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. ती हसत सांगते, ज्यांचे पाय धुवायचे असतात ते घरून साबण लावून, नखं कापून येतात. मी हे कुणाची चेष्टा म्हणून लिहीत नाही. पाळकाच्या नम्रतेला लोक असे नटूनथटून येतात आणि आपल्यालाही धुतलेलेच पाय धुवायची सवय लागते. मंदिर झाडणं, खुर्च्या मांडणं हे धुतलेले पाय आहेत, साहेब. त्यात काही जात नाही, उलट नाव मिळतं. मळलेले पाय त्या शेळ्या विकणाऱ्या बाईचे होते. ते दारात आले आणि तुम्ही प्रार्थना करू या म्हणालात.

इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. नगर जिल्ह्यात मिशनचं ठाणं १८३१ साली पडलं. तिकडच्या आपल्या पुष्कळ मंडळ्या ज्या घरांतून उभ्या राहिल्या ती घरं गावकुसाबाहेरची होती. त्या घरांतल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या वाकून जोहार घातला. पाठ वाकलेली, नजर खाली, पायातलं हातात. त्याला कुणी नम्रता म्हणायला लागलं तर मी उठून जाईन. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कुबड आलेली एक बाई सभास्थानात येते. येशू तिला सहनशीलता शिकवत नाही. तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते. आपल्या आज्या-पणज्यांना सुवार्ता कळली ती बहुधा अशीच, पाठीच्या कण्यातून. म्हणून आपण मंडळीत एकमेकांना सलाम करतो, जोहार घालत नाही. म्हणूनच मंडळीत कुणी कुणाला "नम्र हो" म्हणालं की मी आधी बघते, म्हणणाऱ्याच्या हातात काय आहे आणि ऐकणाऱ्याच्या हातात काय. येशूने हा धडा कुणाला दिला? उजवी-डावी खुर्ची मागायला आलेल्या जब्दीच्या मुलांना आणि त्यांच्यावर चिडलेल्या बाकीच्या दहा शिष्यांना. ज्यांना वर बसायचं होतं त्यांना. कुबड आलेल्या बाईला नाही.

आता तुमची सभा याच नजरेने बघा. खजिनदारांकडे किल्ली आणि वह्या. तुमच्याकडे व्यासपीठ आणि झगा. त्या बाईकडे काहीच नाही, होत्या त्या शेळ्याही गेल्या. तुम्ही वाकलात ते किल्लीपुढे. वाकायचं होतं तिच्यापुढे.

तुम्ही म्हणाल, पण ताठ बोललो असतो तर गर्विष्ठ म्हणाले असते. म्हणाले असते, त्यात शंका नाही. पंडिता रमाबाईंनाही म्हणाले. १८८३ साली त्यांचा इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांनी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना मायेने सांभाळलं, त्यांनाही रमाबाईंचं उलट बोलणं हट्ट आणि गर्व वाटला. परक्या देशात, पदरी लहान मुलगी, अन्न दुसऱ्याचं. अशा बाईने मान तुकवली असती तर सगळ्यांनी गुण गायले असते. रमाबाईंनी उत्तर लिहिलं की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता बिशपांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मी देवाची आज्ञा म्हणून घेणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायकामुली उचलून आणल्या आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरवलं, अडाणी बायकांनाही कळावं म्हणून. त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. १९२२ साली त्या गेल्या. एवढी विद्वान बाई आपली भाषा इतकी खाली आणते ती कुणासाठी, आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांच्यापुढे ती खाली का आणत नाही, याचा विचार करा. खरं म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी एवढ्यावरही सोडलं असतं.

पण शाळामास्तरीण आहे, एक शब्द समजावल्याशिवाय राहवत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, तो मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगतो की कळपावर धनीपण करू नका, कळपाला कित्ते व्हा. कित्ता! पहिलीच्या पोरांना मी हजारो कित्ते घालून दिले असतील. वरच्या ओळीत बाईंचं ठसठशीत अक्षर, खाली मुलांनी गिरवायचं. आता बाई जर म्हणाल्या, मी नम्र आहे, माझं अक्षर कशाला उठून दिसायला हवं, आणि वरची ओळ पुसट काढली, तर पोरं काय गिरवतील? तुमच्या मंडळीने त्या सभेत काय गिरवलं? मोठ्या माणसाने आवाज चढवला की प्रश्न मागे घ्यायचा. तरुण संघातली पोरं तिथे बसली असतील. तो कित्ता आता त्यांच्या वहीत आहे.

"बरं वाटलं" हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला तुमच्याबद्दल काळजी कमी वाटते. ते दडवलं असतंत तर जास्त वाटली असती. आमच्या घरचंच सांगते.

१९८६ साली आम्ही गोदाकाठच्या एका गावी होतो. वरून काही पाहुणे आले, मोठी माणसं. हाताशी पैसे नव्हते म्हणून यांनी गरिबांच्या फंडातून १४० रुपये काढले आणि कोंबड्या आणल्या. रस्सा मीच केला, तेव्हा मीही त्यात आलेच. तिसऱ्या दिवशी मंदिराची घंटा वाजवणारे म्हातारे मामा ओसरीवर येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, परवाची कोंबडी पाव्हण्याची व्हती का गरिबाची?" हे भडकले. तू मला विचारणारा कोण, इथपर्यंत गेलं. मामा उठून गेले, संध्याकाळची घंटा मात्र वेळेवर झाली. दोन दिवस यांच्या घशाखाली घास उतरला नाही. रविवारी उपासनेत जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचून झाल्यावर यांनी तीन वाक्यं वाचली: फंडातून १४० रुपये पाहुण्यांच्या जेवणावर खर्च झाले. चूक माझी. तीन महिन्यांत भरतो. मामांचं नाव घेऊन आभार मानले. प्रार्थना, अश्रू वगैरे काही नाही. मी मागच्या बाकावर दुधाचा रतीब बंद करायचा हिशेब करत बसले होते आणि मनात चांगलीच चिडले होते. त्यानंतर फंडाचा जमाखर्च दर महिन्याला हातांनी लिहून पाटीवर लागायचा. पुढची पाच वर्षं त्या मंडळीत लोक यांना बेधडक काहीही विचारायचे. उपदेश लांबला हेसुद्धा. यांना ते आवडायचं नाही. चेहऱ्यावर दिसायचं. पण विचारू द्यायचे. घरी माझी माफी मात्र यांनी शेवटपर्यंत एकदाही मागितली नाही, तेव्हा संत वगैरे समजू नका.

पाळकाची नम्रता मी तेव्हापासून एकाच गोष्टीवरून ओळखते. घंटा वाजवणारा माणूस ओसरीवर येऊन त्याला कोंबडीचं विचारू शकतो का? तुम्हाला कुणी विचारू शकतं का, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. खुर्च्या तुम्ही मांडता, ठीक. पण तुम्ही सगळं स्वतः करता, हार नको म्हणता, पंगतीत शेवटी बसता. म्हणजे तुमचं कुणी काही करायलाच नको. पेत्रही "माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" म्हणाला होता. ऐकायला नम्र. येशूने ते चालू दिलं नाही. ज्याला कुणाकडून काही घ्यायचंच नसतं त्याला कुणी काही सांगूही शकत नाही. मोशेला शास्त्रात पृथ्वीवरच्या सगळ्यांपेक्षा नम्र म्हटलंय. तोच मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसायचा, तेव्हा सासरा इथ्रो म्हणाला, तू करतोस ते बरं नाही, थकून जाशील, माणसं नेम. मोशेने सासऱ्याचं ऐकलं. तेव्हा खुर्च्या उद्यापासून तरुण संघाला मांडू द्या.

आता करायचं काय.

पहिल्यांदा त्या बाईच्या घरी जा. कमिटीतलं कुणी सोबत नको, फळंबिळं नकोत. तिला सांगा, तुमच्या पैशाचं काय झालं हे मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घेणं माझं काम होतं. मी घाबरलो. प्रार्थनेचं नाव पुढे केलं. एवढंच. तुमच्याकडून येणं असलेली माफी ही होती. सभेत तुम्ही ती चुकीच्या पत्त्यावर टाकलीत.

मग स्वतःचा हिशेब काढा. लग्नाची, बाप्तिस्म्याची, घरभरणीची पाकिटं, प्रवासखर्च, मंडळीच्या नावावरचं पेट्रोल. वहीत नसेल तर आठवून लिहा आणि कमिटीपुढे आधी तो ठेवा. दुसऱ्याची वही उघडायला सांगण्यापूर्वी आपली उघडी असावी. यात थोडी लबाडीही आहे, कबूल करते. एकाने वही टेबलावर ठेवली की दुसऱ्याला आपली काखेत धरून बसणं जड जातं.

खजिनदारांकडे एकटे जा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा क्रम तुम्हाला मी सांगायला नको: आधी दोघांतच, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षरही नको. त्यांच्या वयाचा विचार करा. २२ वर्षं एकटा माणूस वह्या लिहितोय, बँकेचं सगळं आता मोबाईलवर गेलंय, सिमेंटवाल्याच्या पावत्या कुठल्या पिशवीत आहेत हे त्यांनाच आठवत नसेल, आणि तसं म्हणायची लाज वाटत असेल. असे हिशेबनीस मी पाहिलेत. लाज वाटणारा माणूस आधी शास्त्रातलं वचन फेकतो. त्यांना म्हणा, काका, तरुण संघातली दोन पोरं देतो, कॉमर्स झालेली, तुम्ही सांगा आणि ती लिहितील. आणि तारीख ठरवूनच उठा. "बघू", "सणानंतर" यावर उठू नका. चहा दिला तर घ्या. तारीख टळली तर दोन पंच घेऊन परत जा, त्याच आवाजात. तरीही नाही झालं तर सभा बोलवा, लेखी नोटीस काढून, आणि बाहेरचा हिशेबतपासनीस नेमायचा ठराव मांडा. तेव्हा ते पुन्हा म्हणतील पाळकाने नम्र असावं. म्हणू द्या. खाली बसू नका, आवाजही चढवू नका. गर्विष्ठ म्हणतील. काही दिवस झोप आताइतकीच कमी लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

पैशांचा घोळ खरोखरच निघाला तर? मग ते डायोसिसला, म्हणजे वरच्या धर्मप्रांताला, लेखी कळवणं आलं. त्याला पर्याय नाही, आणि त्या दिवशी त्यांच्या बायकोमुलांना भेटायला जाणारा पहिला माणूस तुम्ही असा. याबद्दल जास्त लिहीत नाही. वेळ आली तर परत पत्र टाका.

आणखी एक. बायको चार दिवस बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत; का बोलत नाही ते मात्र विचारलेलं दिसत नाही. हे पत्र तिला वाचायला द्या आणि ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका. ती विधवा बाई घरी आली तेव्हा तीही बहुतेक स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.